आवाळू

आमच्या टाकीत दोन गोल्डफिश होते आणि दोघांनाही गाठ होती. एकाची गाठ आम्ही पैसे मोजून आणली होती. दुसऱ्याची नंतर आपोआप आली.

पहिला ओरांडा जातीचा. ह्या माशाच्या डोक्यावर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी दाणेदार, मांसल वाढ असते. मराठीत अशा वाढीला आवाळू म्हणतात. कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटवर दर रविवारी पक्षी, मासे, रोपं, कुत्र्याची पिल्लं ह्यांचा बाजार भरतो. बंगाली लोक त्याला ‘शखेर हाट’ म्हणतात, म्हणजे शौकाचा बाजार. तिथल्या विक्रेत्याने तो मासा जाळीत उचलून डोकं उजेडात धरून दाखवलं होतं. आवाळू जितकं मोठं तितका भाव चढा. आम्ही घासाघीस केली नाही, म्हणून खूश होऊन त्याने एक साधा, लांबट, नारिंगी मासा पिशवीत वर टाकला. ‘फाऊ,’ तो म्हणाला. फुकटचा. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने घरी पोचेपर्यंत बारसं उरकून घेतलं. ओरांडा झाला ‘पगडी’ आणि फाऊ झाला ‘साधा’.

तेव्हा आम्ही फोर्ट विल्यममध्ये राहत होतो. यजमान सैन्यात, आणि सेनेच्या पूर्व विभागाचं मुख्यालय त्या किल्ल्यात. आम्ही राहायला गेलो तेव्हा तो फोर्ट विल्यम होता आणि निघालो तेव्हा विजय दुर्ग. 2024 च्या डिसेंबरात नाव बदललं, आणि तेही आमच्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून. माझं माहेर देवगडचं, त्यामुळे त्या दिवशी मला अभिनंदनाचे फोन आले, जणू बारशाला नाव मीच सुचवलं होतं. 1742 मध्ये ह्याच शहराने मराठ्यांच्या, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘बर्गीं’च्या, भीतीने भोवती खंदक खणायला घेतला होता. मराठा डिच हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. नावं अशी फिरतात. किल्ल्याच्या भिंती आणि हुगळीकडून येणारा दमट वारा मात्र दोन्ही नावांना सारखाच होता.

साध्याची गाठ आली ती दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात. उजव्या कल्ल्याच्या मागे ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरट उंचवटा. पूजेच्या सुट्टीपर्यंत तो वाटाण्याएवढा झाला आणि रंग गुलाबीसर. मी अस्वस्थ झाले. पाण्यातला अमोनिया तपासला, आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायला लागले, फिल्टर धुतला. बाजारात फोटो दाखवला तेव्हा एकाने क्षणभर पाहून सांगितलं, ‘फेले दिन’, टाकून द्या. एका पशुवैद्यांनी मात्र फोटो नीट मोठा करून पाहिला. माशावर वाढ दिसली की शक्यता बऱ्याच असतात, ते म्हणाले. लिम्फोसिस्टिस नावाचा विषाणूचा आजार असेल तर त्यात कातडीच्या पेशी फुगून खडीसाखरेसारखे दाणे येतात. त्याला औषध नाही, पण पाणी स्वच्छ असेल तर पुष्कळदा तो आपला आपण जातो. कार्प पॉक्स असेल तर मेणाच्या थेंबांसारखे डाग थंडीत येतात आणि पाणी कोमट झालं की ओसरतात. परजीवी असेल तर तो नीट पाहिल्यास दिसतो आणि काढता येतो. आणि खरा अर्बुद असेल, म्हणजे ट्यूमर, तर गोल्डफिशमध्ये कातडीचे ट्यूमर नवलाचे नाहीत. काही वर्षानुवर्षं तसेच राहतात, काही वाढतात. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. ‘थांबून पाहा,’ त्यांनी सांगितलं. फी घेतली नाही. त्या न घेण्यात थोडं हसू असावं असं मला वाटलं, पण कदाचित ती माझीच लाज असेल.

थांबून पाहण्याच्या त्या दिवसांत मुलीने विचारलं, ‘आई, पगडीचं वाढलं की तू खूश होतेस. साध्याचं वाढलं की घाबरतेस. असं का?’

मी म्हटलं, पगडीचं जन्मजात आहे, साध्याचा तो आजार आहे. उत्तर चुकीचं नव्हतं. पण ती गेल्यावर मला ते पुरेना. ओरांडाचं आवाळू जन्मजात असलं तरी ते माशाच्या गरजेतून आलेलं नाही. चीनमध्ये साध्या राखाडी कार्पमधले लाल-पिवळे मासे सुंग काळापासून निवडून वाढवले गेले आणि पुढच्या शतकांत माणसाने त्यांच्यातलं जे जे विचित्र उपजलं ते जपलं. कुणाचे डोळे बाहेर आलेले, कुणाच्या डोळ्यांखाली पाण्याच्या पिशव्या, कुणाच्या पाठीवर परच नाही. ओरांडाचं आवाळू कधी कधी इतकं वाढतं की डोळे झाकतं. मग मासा वासावर अन्न शोधतो आणि शौकीन लोक त्याचा काही भाग कातरून काढतात. फ्लॉवरहॉर्न नावाचा संकरित मासा आपल्याकडे दुकानाच्या गल्ल्याजवळ ठेवतात, कारण त्याच्या कपाळाचं टेंगूळ लक्ष्मी आणतं अशी समजूत आहे. म्हणजे माशाच्या अंगावरची वाढ आपल्याला मुळात खुपत नाही. आपण न मागितलेली वाढ खुपते.

शब्दांनीही इथे मला थोडं छळलं. संस्कृतात अर्बुद म्हणजे गाठ, आणि अर्बुद म्हणजे कोट्यवधींची एक संख्याही. एकाचे अनेक, अनेकांचे असंख्य होत जाण्याची भीती त्या एका शब्दात बसली आहे. मराठीत गाठ पडते ती दोऱ्याला, गाठ पडते ती माणसांची आणि गाठ येते ती अंगावर. शेजारच्या बंगाली आजींनी टाकीत पाहून म्हटलं, ‘आब हयेछे.’ आब म्हणजे आमचं आवाळूच. त्यांनी बोट दाखवलं होतं साध्याकडे. पगडीच्या डोक्याला त्यांनी ‘मुकुट’ म्हटलं.

ऑक्टोबरनंतर मी जे केलं ते सांगायला हवं, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं सगळं फुकाचं तत्त्वज्ञान होईल. एका शनिवारी आमच्याकडे वरिष्ठांचं जेवण होतं. टाकी दिवाणखान्यात. त्या दुपारी मी साध्याला बादलीत काढून मागच्या खोलीत नेलं. मुलीला सांगितलं की आजारी माशाला वेगळं ठेवायचं असतं, पगडीला संसर्ग व्हायला नको. हे शास्त्राला धरूनच होतं. विलगीकरण हाच पहिला उपाय सांगतात. पण मग ते करायला तीन महिने का लागले? आणि रविवारी सकाळी, पाहुणे गेल्यावर, मी त्याला परत टाकीत का सोडलं? मुलीने काही विचारलं नाही. तिने फक्त पाहिलं.

त्या रात्री मी पहिल्यांदा लवंगेच्या तेलाबद्दल वाचलं. त्यातल्या युजेनॉलने मासे आधी गुंगतात आणि मात्रा वाढवली की कल्ल्यांची हालचाल थांबते. घरच्या घरी मासा संपवायचा तर त्यातल्या त्यात सौम्य मार्ग हाच मानतात. तेल पाण्यात तसंच मिसळत नाही, आधी थोड्या कोमट पाण्यात जोराने हलवून घ्यावं लागतं. फ्रीजमध्ये गोठवणं किंवा संडासात सोडून देणं ह्या दोन प्रचलित रीती मात्र क्रूर आहेत. दाताच्या दुखण्यासाठी घरात लवंगेच्या तेलाची बाटली होतीच. मी ती मुलीच्या हाताला लागणार नाही अशी वरच्या फळीवर ठेवली. म्हणजे विचार सुरू झाला होता.

विचार करायचा तर आधी हे पाहायला हवं की त्याला काही होतंय का. माशांना वेदना होतात की नाही ह्यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. 2003 मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठात अॅसिटिक अॅसिड आणि मधमाशीचं विष टोचलं. मासे डोलू लागले, अॅसिड टोचलेल्यांनी ओठ तळच्या खडीवर घासले, खाणं बराच वेळ टाळलं. उलट बाजूला ब्रायन की यांच्यासारखे मेंदूचे अभ्यासक म्हणतात की माणसात वेदनेची जाणीव ज्या बाह्यकात घडते ते माशाला नाहीच, तेव्हा ती प्रतिक्रिया आहे, दुःख नव्हे. मला सगळ्यात हलवून गेला तो जपानमधला 2019 चा प्रयोग. ओसाकाच्या मासानोरी कोहदा यांच्या गटाने क्लीनर रास ह्या छोट्या माशाच्या गळ्याखाली एक तपकिरी ठिपका केला, परजीवीसारखा दिसणारा. मग त्याच्यासमोर आरसा ठेवला. चारपैकी तीन माशांनी आरशात पाहून गळा तळावर घासला. पारदर्शक ठिपका केला तेव्हा घासला नाही, आरसा नसताना घासला नाही. ह्याला आत्मभान म्हणायचं का ह्यावर वाद झाले. मी त्या वादात पडत नाही. मला एवढंच दिसलं की अंगावर नको ते दिसल्यावर बेचैन होणारे आपण एकटेच नाही.

आमच्या टाकीत आरसा नव्हता, पण रात्री दिवा लागला की काचेत प्रतिबिंब पडायचं. साधा त्याच्यासमोरून जायचा आणि थांबायचा नाही. गाठ असलेली बाजू कशावर घासायचा नाही. दिवसाला पाच दाणे खायचा, पगडीच्या आधी. मी एक वही केली. तारीख, दाणे, पोहणं, पर ताठ की मिटलेले. पहिले पंधरा दिवस मी त्याच वहीत गाठीचं मापही लिहीत होते. मग लक्षात आलं की रोज सकाळी आधी तोच रकाना भरते आणि तो वाढलेला असला की बाकीचे रकाने वाईट वाटू लागतात. मी मापाचा रकाना बंद केला.

हे सगळं करताना मी मासे खात होते, हे कुणी विचारायच्या आधी सांगते. देवगडच्या पोरीला बांगडा साफ करायला शिकवावं लागत नाही. कोलकात्यात तर मासळीबाजार म्हणजे रोजचा सोहळा. आपल्या विळीपेक्षा दांडग्या अशा ‘बोटी’वर बसून कोळी जिवंत मागूर कापतो. कोई, शिंगी, मागूर हे हवेत श्वास घेऊ शकणारे मासे जिवंत ठेवूनच विकतात, त्यांना ‘जियोल माछ’ म्हणतात, आणि आजारातून उठलेल्याला त्यांचाच पातळ रस्सा देतात. माणसाला बरं करायला मासा जिवंत असावा लागतो! मी तो रस्सा केला आहे, तापातून उठलेल्या मुलीसाठी, आणि त्याच संध्याकाळी साध्याची वही भरली आहे. ह्यातला विरोध मला सुटलेला नाही. आपला 1960 चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदाही तो सोडवत नाही. तो माणूस सोडून प्रत्येक सजीवाला ‘प्राणी’ म्हणतो, म्हणजे साधा त्यात आला आणि मागूरही आला. मग अन्नासाठी मारण्याची वाट तो मोकळी ठेवतो, अनावश्यक यातना देऊ नका एवढ्या अटीवर. मी एवढंच म्हणेन की खाल्लेल्या माशाचा हिशेब न सुटल्यामुळे पाळलेल्या माशाचा हिशेब रद्द होत नाही. उधारी दोन ठिकाणी असली तर एक फेडू नये असं थोडंच आहे.

आणि उधारी दोनच ठिकाणी नाही. प्रयोगशाळांतून जगभर वापरला जाणारा झेब्राफिश हा मूळचा आपल्याच नद्यांतला. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या कंपनीच्या डॉक्टरने तो 1822 च्या गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात शास्त्राला परिचित करून दिला. त्याने काढवून घेतलेली माशांची चित्रं तो मायदेशी जाताना कलकत्त्यातच अडकवून ठेवली गेली होती. 2005 मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी माणसाच्या मेलॅनोमात सापडणारं बिघडलेलं जनुक ह्या माशात घातलं आणि त्याच्या कातडीवर अर्बुद उगवताना पाहिला. त्यातून कळलेल्या गोष्टींचा उद्या मला किंवा तुम्हाला उपयोग होईल. तिथे गाठ मागून घेतलेली आहे, गॅलिफ स्ट्रीटसारखीच, फक्त शौक वेगळा.

दुसऱ्या टोकाला मेलबर्नचा जॉर्ज. 2014 मध्ये तिथल्या लॉर्ट स्मिथ रुग्णालयात डॉ. ट्रिस्टन रिच यांनी जॉर्ज नावाच्या दहा वर्षांच्या गोल्डफिशच्या डोक्यावरचा ट्यूमर भूल देऊन काढला. पाऊण तास शस्त्रक्रिया, कल्ल्यांवरून सतत औषधी पाणी, खर्च सुमारे 200 डॉलर. जगभर बातमी झाली आणि जगभर लोक हसले, की दोन डॉलरच्या माशाला दोनशे डॉलर. मला ते हसू कळतं. फाऊ आलेल्या माशाची किंमत तर शून्य. पण किंमत माशाची होती की गॅलिफ स्ट्रीटवरच्या त्या सकाळची? जॉर्जसारखा डॉक्टर मला मिळाला नाही. मिळाला असता तर मी गेले असते का, हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

मार्चमध्ये यजमानांची बदली पुण्याला झाल्याचं कळलं.

सैन्यातल्या बायकांना सामान बांधणं येतं. काय विकायचं, काय वाटायचं, काय न्यायचं ह्या तीन याद्या दोन दिवसांत होतात. टाकी ‘वाटायचं’मध्ये गेली. पगडीला तासाभरात घर मिळालं, दोघांत भांडणच व्हायची वेळ आली. साध्याला कुणी नको म्हणालं नाही. सगळे म्हणाले, ‘बघतो.’ तोवर गाठ शेंगदाण्याएवढी झाली होती. माळी म्हणाला तळ्यात सोडा, जगला तर जगला. पण पाळीव गोल्डफिश मोकळ्या पाण्यात सोडणं म्हणजे एक तर त्याला बगळ्याला देणं किंवा तळ्यातल्या इतर जिवांना त्याच्या रोगाच्या आणि भुकेच्या हवाली करणं. हातातून सुटल्याचं समाधान आपल्याला, बाकी सगळं दुसऱ्यांना.

मग मी वरच्या फळीवरची बाटली खाली काढली.

इथे मला गांधीजींचं वासरू आठवलं. 1928 मध्ये साबरमती आश्रमातलं एक वासरू असह्य आजारात तळमळत होतं. उपचार संपले होते, कूसही बदलवत नव्हती. गांधींनी आश्रमातल्या लोकांशी चर्चा केली. जे आपण देऊ शकत नाही ते घेण्याचा अधिकार आपल्याला नाही, असा विरोधही झाला. तरी त्यांनी डॉक्टरांकडून आपल्या समक्ष सुई देववून वासराचा अंत केला आणि ते जाहीरपणे लिहिलं. पत्रांचा पाऊस पडला, जैन समाजात संताप झाला. आजार्‍या जनावरांना मरेपर्यंत सांभाळणारी पांजरपोळ ही त्या परंपरेची मोठी देन आहे. कलकत्त्याची पिंजरापोळ सोसायटी 1885 पासून आहे. त्यांना जे दिसलं ते चूक नव्हतं. एकदा दयेने मारायची मुभा घेतली की दया स्वस्त होते.

पण त्या लेखाचा दुसरा भाग फारसा आठवला जात नाही. आश्रमाच्या पिकांची आणि फळांची नासाडी करणाऱ्या माकडांचं काय करायचं, हा प्रश्नही गांधींनी तिथेच घेतला होता, आणि माकडांना मारलं तर ती मात्र हिंसा असेल असं म्हटलं होतं. वासराच्या मरणात मारणाऱ्याचा स्वार्थ नव्हता, माकडांच्या मरणात होता. कृती एकच, पण फळं कोणाच्या झोळीत पडतात ते पाहा.

बाटली ओट्यावर ठेवून मी वही काढली. मागच्या महिन्याभरात पाच दाणे, पाच, चार, पाच. पर ताठ. एका दिवशी ‘थोडा तिरका’ असं लिहिलं होतं, दुसऱ्या दिवशी सरळ. वासरू कूस बदलू शकत नव्हतं. हा तर टाकीभर फिरत होता आणि बोट दिसलं की वर येत होता. ह्या वहीत त्याचा जीव घ्यावा असं काही नव्हतं. होतं ते कॅलेंडरमध्ये. बदलीचा हुकूम आला नसता तर आज ही बाटली मी काढली असती का, एवढा एकच प्रश्न मी स्वतःला विचारला आणि बाटली परत ठेवली. सद्गुण म्हणून नव्हे. खरं सांगायचं तर मुलगी दारात उभी होती, आणि पाहुण्यांच्या शनिवारी तिने जसं पाहिलं होतं तसंच पाहत होती. एकटी असते तर काय केलं असतं ते मला माहीत नाही.

आझाद हिंद एक्सप्रेसने हावड्याहून पुण्याला दोन रात्री लागतात. झाकणाला भोकं पाडलेली वीस लिटरची बादली, सेलवर चालणारा हवेचा छोटा पंप आणि टाकीतल्याच पाण्याचे दोन कॅन. प्रवासाच्या आदल्या दिवसापासून त्याला खायला दिलं नाही, म्हणजे पाणी खराब होत नाही. बिलासपूरला थोडं पाणी बदललं, नागपूरला थोडं. यजमान वरच्या बर्थवर चादर तोंडावर घेऊन पडले होते. ह्या विषयावर ते संपूर्ण प्रवासात एक शब्द बोलले नाहीत, मात्र रात्री दोनदा उतरून पंपाचे सेल त्यांनीच बदलले. समोरच्या बाकावरचे काका वाकून आत बघत म्हणाले, ‘खायचा आहे की पाळायचा?’ मुलगी म्हणाली, ‘आमचा आहे.’

पुण्यात आता त्याला दोन फुटी टाकी आहे, एकट्याची. लवंगेच्या तेलाची बाटली इथेही वरच्या फळीवर आहे, आणि ह्या वेळी ती कशासाठी आहे ते मुलीला ठाऊक आहे. वहीत आता रकाने ती भरते. मी फक्त वाचते. ह्या आठवड्यात चार दाणे, चार, तीन, चार, आणि आज सकाळी तीन.